वेगाची गाडी आणि संथ फेरी



मोटारींचा शौक म्हणजे पैसेवाल्यांचा चाळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तेवढ्यावर विषय संपविला, तर त्या शौकामागचा माणूस आपल्या हातून निसटतो. त्याला गाठण्यासाठी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या वुडवर्ड रस्त्यावर जावे लागेल.

या रस्त्याच्या एका मैलावर १९०९ साली काँक्रीट घातले गेले. याच रस्त्यावरील हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने १९१३ साली सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्यास सुरुवात केली, आणि बारा-साडेबारा तासांचे काम वर्षभरात दीड तासावर आले. मोटार स्वस्त झाली, सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. पण त्याच मोटारीने शेजारही मोडला. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० च्या शिरगणतीत साडेसहा लाखांच्या आत आले. कारखाने हलले, वर्णद्वेषाने माणसे दुरावली, अशी याची कारणे अनेक. परंतु दूर निघून जाण्याची सोय मोटारीनेच करून दिली, हे विसरून चालणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १९५० नंतरच्या दोन दशकांत येथील तरुण पोरे संध्याकाळी गाड्या घेऊन या रस्त्यावर फेऱ्या मारीत. काही जण शर्यतीही लावीत, आणि त्या जिवावर बेतण्याजोग्या असत. पुढे १९९५ साली फर्नडेल येथील मंडळींनी मुलांच्या फुटबॉल-मैदानासाठी निधी जमवावा म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढली. तिचीच पुढे ऑगस्ट महिन्यातील मोठी जत्रा झाली. ताशी शंभर मैल धावणाऱ्या गाड्या येथे बैलगाडीच्या चालीने सरकतात, आणि कोणी कुरकुरत नाही! टप उघडून गाडी उभी केली की अनोळखी माणूस जवळ येतो, ‘कोणत्या सालची? इंजिन कोणी उघडले?’ एवढ्यावर ओळख होते.

अशा मेळ्यात मिसळणाऱ्याला स्वतःची स्पोर्ट्स गाडी घेण्याचा मोह होतोच. तेव्हा थोडे व्यवहाराचे बोलू. १९५३ च्या पहिल्या कॉर्वेट अवघ्या तीनशे, साऱ्या पांढऱ्या. त्या सामान्यांच्या आवाक्याबाहेरच. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ ने निराळी वाट दाखविली. आसने दोन, टप घडीचा, शक्ती अवघी ११६ अश्वशक्ती. पण गाडी हलकी. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही तिच्या जपानी कर्त्यांची कल्पना. २०१६ साली अशा दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. यावरून इतके तरी ध्यानात यावे की, आनंद नुसत्या अश्वशक्तीवर अवलंबून नसतो. जुनी गाडी घेताना रंगाला भुलू नये. दाराखालच्या पत्र्यातील गंज पाहावा, टप गळतो का पाहावे, दुरुस्तीची वही मागावी, विम्याचा खर्च आधी विचारावा. तीच गाडी दहा वर्षे बाळगलेला माणूस बरोबर न्यावा. आणि दोनच आसने आहेत, तेव्हा घरच्यांनाही विचारावे!

मंडळींबरोबर फेरीस निघाल्यावर मात्र काही शिस्त हवी. पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे अनुभवी. मध्ये कोणी कोणाला मागे टाकावयाचे नाही. वळण आले की मागची गाडी दिसेपर्यंत थांबावयाचे. शर्यत करावयाची असेल, तर त्यासाठी बंदिस्त मैदाने आहेत. सार्वजनिक रस्ता हा पायी जाणाऱ्या मुलाचाही आहे.

एका दिवसाच्या जत्रेने मोडलेला शेजार पुन्हा बसत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही जे यंत्र एकमेकांपासून दूर जाण्यासाठी वापरले गेले, तेच घेऊन माणसे वर्षातून एकदा एकमेकांकडे येतात, याचे मोल आहे. गाडी कोणतीही घ्या. मागचा दिसेपर्यंत वळणावर थांबण्याची सवय तिच्याबरोबर घरी आणा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.