उन्हाळी वर्गात एकच कादंबरी

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात 1981 पासून उन्हाळ्यात आठवडाभराचं ‘डिकन्स युनिव्हर्स’ भरत आलं आहे. प्राध्यापक, संशोधक, शाळेतले शिक्षक आणि निव्वळ हौशी वाचक जमतात आणि बहुधा चार्ल्स डिकन्सच्या एकाच कादंबरीवर आठवडा घालवतात. शिक्षकांसाठी ही चैन आहे, असं काहींचं म्हणणं. सुट्टी खर्ची घालायची तर वर्गात चालतील अशा युक्त्या, पाठांचे तयार आराखडे पदरात पडावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. अपेक्षा रास्त आहे. पण त्या युक्त्या कादंबरीतच सापडतात.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च घ्या. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात चार्ल्स लीव्हरची कादंबरी चालू होती. ती लोकांना रुचेना, खप उतरू लागला, तेव्हा डिकन्सनं ही कथा आठवड्याच्या हप्त्यांत बेतली. डिसेंबर 1860 मध्ये पहिला हप्ता आला, त्यात दोनच प्रकरणं. लहानगा पिप पहाटे कोठीतून पोर्क पाय आणि ब्रँडी, मेहुणा जो याच्या हत्यारांतून कानस चोरतो, धुक्यातल्या दलदलीकडे धावत सुटतो, आणि हप्ता संपतो! हे ठाऊक असलेला शिक्षक वर्गात नेमकं तिथेच पुस्तक मिटेल. पुढं डिकन्सनं मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून शेवट बदलला. मूळ शेवट फॉर्स्टरनं लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवले की कोणता खरा वाटतो, यावर मुलं आपसूक भांडू लागतील. कुठल्याही आराखड्यात याहून चांगला प्रश्न मला दिसलेला नाही.

आजची मुलं एवढं जाड पुस्तक वाचणारच नाहीत, हा दुसरा आक्षेप. पण तेव्हाच्या वाचकानं तरी ते एकदम कुठे हाती घेतलं होतं? डिकन्सचंच ‘ब्लीक हाउस’ 1852-53 मध्ये महिन्याला 32 पानं, किंमत एक शिलिंग, असं घरोघरी गेलं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ सुद्धा ‘करमणूक’मधून अशीच क्रमशः आली. जाडी बाइंडरनं आणली. वर्गात तिचे हप्ते पुन्हा सुटे करता येतात.

एक अट मात्र सोडवत नाही. ‘डिकन्स युनिव्हर्स’ला येणाऱ्या शिक्षकानं कादंबरी घरून पूर्ण वाचून यायला हवी. ते झालं नाही, तर आठवडा व्याख्यानं ऐकण्यातच जाईल.