डोंगराजवळचे विद्यापीठ

मी राहतो त्या हैदराबादच्या गौलीगुड्यात थंडी म्हणजे डिसेंबरातील पहाटे खांद्यावर घ्यावयाची एक शाल, याहून अधिक काही नाही. बर्फ आम्हांस ठाऊक आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि मासळीच्या टोपलीतला. आमच्या ख्रिस्ती घरात मात्र आणखी एक बर्फ वर्षातून एकदा पडत असे. नाताळच्या गव्हाणीवर आम्ही कापूस पिंजून पसरीत असू. माझी मुलगी पाच-सहा वर्षांची असताना त्या कापसावर बोट ठेवून तिने विचारले होते, "बाबा, खरा बर्फ असाच असतो का?" मी शिक्षक खरा, परंतु जे कधी पाहिले नाही त्याविषयी मुलांना काय सांगावे? मी गप्प राहिलो. तो प्रश्न तिने मनात जपून ठेवला आहे, याची मला पुढे बारा वर्षे कल्पना नव्हती.

२०२३ साली तिची इंटरमिजिएटची परीक्षा झाली. अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेत तिला मिळालेला क्रमांक वरंगळच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेपर्यंत पोहोचणारा नव्हता. राज्याच्या परीक्षेतून उस्मानिया विद्यापीठात जागा मिळण्याजोगी होती. घरून डबा घेऊन निघावे, बसने जावे आणि दिवेलागणीला परत यावे, असे सर्व मी मनाशी ठरवून टाकले होते. तोच मुलीने पसंतीच्या यादीत एक नाव वर नेऊन ठेवले : राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, श्रीनगर. कारण विचारता तिने काही आडपडदा ठेवला नाही. ती म्हणाली, "तेथून गुलमर्ग पन्नास किलोमीटरांवर आहे. मला स्कीइंग शिकायचे आहे."

"बर्फासाठी कोणी विद्यापीठ निवडते काय?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, घराजवळ आहे म्हणून तुम्ही निवडायला सांगता, डोंगराजवळ आहे म्हणून मी निवडते. दोन्ही कारणांत अभ्यास कुठे आहे?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि नसण्याचे कारणही होते. माझे स्वतःचे शिक्षण इंटरमिजिएटपर्यंतचे. त्यानंतर घरची गरज पाहून मी अध्यापनाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी मी कधी चढलो नाही. ज्याने स्वतः विद्यापीठ निवडले नाही, तो मुलीला निवडीचे नियम सांगत होता! मी ज्याला व्यवहार म्हणत होतो, तो पुष्कळ अंशी माझा भित्रेपणा होता, हे मला त्या रात्री कळले.

डोंगर पाहून विद्यापीठ निवडणे ही जगात काही अद्भुत गोष्ट नाही. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे विद्यापीठ १६६९ सालचे. शहराभोवती आल्प्सची भिंत, आणि १९६४ व १९७६ अशा दोन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तेथे झालेल्या. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा तर यूटा विद्यापीठाच्याच क्रीडांगणावर पार पडला. आपल्याकडची मुलेही आता त्या देशांत जातात. परंतु आपल्या देशात राहून, मध्यमवर्गीय घराला झेपेल अशा खर्चात बर्फाच्या डोंगराशेजारी शिकावयाचे, तर श्रीनगरचे नाव अगदी पुढे येते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे स्कीइंगचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत नेणारा रज्जुमार्ग आहे, आणि २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तेथे भरू लागल्या. संस्थेचे म्हणाल तर वरंगळचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९५९ चे, श्रीनगरचे १९६० चे. म्हणजे ही दोघे जवळजवळ जुळी भावंडे. या संस्थांत निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांतील मुलांसाठी असतात. मुलीच्या क्रमांकाला तेथे स्थापत्य शाखेत जागा मिळाली, आणि ऑगस्टमध्ये ती गेली.

सरळ रेषेत मोजले तरी अठराशे किलोमीटरांहून अधिक अंतर. श्रीनगरला उतरताच तिचा दूरध्वनी मुका झाला. बाहेरच्या राज्यात घेतलेले, आगाऊ पैसे भरावयाचे कार्ड तेथे चालत नाही, ही साधी गोष्ट आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मुलगी कुशल पोहोचली हे दुसऱ्या दिवशी परक्या क्रमांकावरून कळेपर्यंत तिच्या आईने अन्नाला स्पर्श केला नाही. मी गुलमर्गची उंची मीटरांत पाठ केली होती. पण मुलगी घरी बोलणार कशी, हे विचारले नव्हते.

खरा विनोद पुढेच आहे. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जी कडाक्याची थंडी पडते, तिला चिल्लाई कलान म्हणतात. नळातले पाणी गोठते, आणि शाळा-महाविद्यालयांना हिवाळ्याची लांब सुट्टी लागते. म्हणजे बर्फासाठी निवडलेली संस्था, बर्फ पडू लागला की मुलांना घरी पाठविते! इन्सब्रुकला जानेवारीत वर्ग भरलेले असतात. दल सरोवराकाठी त्याच महिन्यात वसतिगृहे ओस पडतात. आमची कन्या नाताळच्या सुमारास गौलीगुड्यात हजर झाली. त्यातून त्या वर्षी निसर्गानेही थट्टा केली. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचा उतार उघडा, तपकिरी आणि कोरडा पडला होता. वर्तमानपत्रांतली ती छायाचित्रे मी तिच्यापुढे मुद्दाम ठेवली. बापाने असे करू नये. तिने ती पाहिली आणि काही न बोलता घडी घालून ठेवली.

जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत अखेर हिम पडले, आणि मार्चमधील एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेली. लाकडी फळ्यांचे दिवस सरले; आता स्की निराळ्या साहित्याच्या असतात, पण नवशिक्याची फजिती जुनीच आहे. तेथे प्रथम पळणे शिकवीत नाहीत, थांबणे शिकवितात. दोन्ही पायांची टोके आत वळवून मागचा भाग फाकावयाचा, म्हणजे वेग मोडतो. पडावयाचेच झाले तर मागे न पडता कुशीवर पडावे, आणि उठण्यापूर्वी स्की उताराला आडव्या कराव्यात. नाहीतर माणूस उठता उठता पुन्हा घसरतो. दिवसभरात ती किती वेळा पडली, याची मोजदाद तिच्या मैत्रिणींनी सोडून दिली. तरीही त्या रात्री तिचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी इतका मोकळा ऐकला.

परंतु हा एक रविवार झाला. उरलेल्या दिवसांचे काय? पहिल्या सहामाहीत गणिताने तिला रडविले होते. शाळेत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीला तेथे कळले की, वर्गातील प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या शाळेत पहिल्या पाचांत होता. संध्याकाळ लवकर होई, खोली गार असे, आणि खानावळीतला भात पोटभर मिळाला तरी त्यावर आंबाडीचे लोणचे नसे. डोंगर खिडकीतून दिसतच असे; पण डोंगर पाहून कोणाचे गणित सुटत नाही, की घरची आठवण थांबत नाही.

तिला सावरले ते डोंगराने नव्हे, भाषेने. हैदराबादची मुलगी म्हणजे उर्दू तिच्या कानावरची. पण ती आमची दखनी. "नक्को" हा शब्द तिच्या तोंडून निघाला की वर्गातील काश्मिरी मुली हसून लोटपोट होत आणि पुन्हा म्हणावयास लावीत. हा नक्को मूळचा मराठी नको आहे, हे तिने त्यांना सांगितले, आणि त्या बदल्यात काश्मिरी शब्द घेतले. त्यांतील एकीचे घर राजबागेत होते. सप्टेंबर २०१४ च्या पुरात झेलमचे पाणी त्या वस्तीत घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढले होते. त्या आठवणी ऐकताना माझ्या मुलीला आमची मुसी आठवली. गौलीगुड्यापासून हाकेच्या अंतरावरून वाहणाऱ्या या नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी हजारोंचे प्राण घेतले, आणि अफजलगंजच्या एका चिंचेच्या झाडाने फांद्यांवर चढलेल्या सुमारे दीडशे जणांना वाचविले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात तिने लहानपणी माझ्या बोटाला धरून पाहिले होते. दोन नद्या, दोन सप्टेंबर, आणि दोन मुली. मैत्री तेथून जुळली. पुढे त्या घरच्यांनी तिला फेरन दिला, आणि त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी कशी धरावी हेही शिकविले.

त्या मैत्रीचा अभ्यासावरही परिणाम झाला. डोंगरावरचे हिम म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातले झेलमचे पाणी, हे तिला त्या घरातील गप्पांत उमगले. ज्यावर घसरावयाचे म्हणून ती गेली, त्याचा हिशेब तिला मांडावासा वाटू लागला. पूर, धरण, प्रवाह हे विषय तिने आपणहून हाती घेतले. मुसीच्या पुरानंतर हैदराबादेत विश्वेश्वरय्या आले, आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले, ही घरातली जुनी गोष्ट तिला आता नव्याने कळू लागली.

मी आतापर्यंत हसत सांगितले. पण एक भाग हसण्याचा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरणच्या कुरणात सव्वीस माणसे मारली गेली. मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या, श्रीनगरचा विमानतळ बंद झाला, आणि बाहेरच्या राज्यांतील मुले घरांकडे निघाली. ऑगस्ट २०१९ मध्येही त्या संस्थेतील मुलांना असेच एकाएकी घरी परतावे लागले होते. हे प्रवेशाच्या वेळी मला ठाऊक होते आणि मी बोललो नव्हतो. मुलगी इतरांबरोबर रस्त्याने जम्मूला, तेथून दिल्लीला आणि मग घरी आली. तीन दिवस आम्ही घरात हळू आवाजात बोलत होतो.

संस्था पुन्हा सुरू होण्याची वेळ आली तेव्हा तिची आई म्हणाली, "आता पुरे. राहिलेले येथेच कर." मुलीने माझ्याकडे पाहिले. राहा म्हणणे सोपे होते. जा म्हणण्याचा धीर मला होत नव्हता. मी एवढेच विचारले, "तेथे तुझे आता काय आहे?" मला वाटले, ती डोंगर म्हणेल. ती म्हणाली, "माझा अर्धा अभ्यास आहे, आणि माणसे आहेत. त्यांना तर घर सोडून जायला दुसरे घर नाही." ती परत गेली. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली होती. चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच पुलावरून गाडी जात असता तिने आईला दूरध्वनी केला. आईने डोळे मिटून घेतले, जणू काही तीच त्या पुलावर होती.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी यंदाही अशी यादी लिहिली जात असेल. मुलाने डोंगर, समुद्र किंवा मोठे शहर पाहून एखादे नाव वर ठेवले, तर त्याला हसू नका. ओढ हे प्रवेशाचे निमित्त असते, आणि निमित्त कोणतेही चालते. तुमचे प्रश्न वेगळे असू द्या. ज्या शाखेत जागा मिळते, ती त्याला शिकावीशी वाटते काय? वर्षाचे वेळापत्रक कसे आहे? अडचणीच्या दिवशी परतीची वाट कोणती? तेथील लोकांशी तो कोणत्या भाषेत बोलेल? हे प्रश्न घराजवळच्या विद्यापीठालाही विचारा. अंतर कमी आहे एवढ्याने त्यांची उत्तरे मिळत नाहीत. आणि तुमची भीती ही भीती म्हणूनच मुलांना सांगा. तिला हिशेबाचे कपडे चढविले तर मुले ते ओळखतात.

गुलमर्गला ती आजवर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा गेली आहे. आता ती पडते कमी. पण फार चांगली स्कीपटू होईल असे तिलाही वाटत नाही. गेल्या नाताळात आम्ही गव्हाण मांडीत असता मी कापसाची पिशवी पुढे केली आणि तिचा जुना प्रश्न तिलाच विचारला, "खरा बर्फ असाच असतो का?"

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी असतो. चौथ्या दिवशी त्यावर चिखल आणि राख असते, आणि तो दगडासारखा होतो. लोक त्यावरूनच दूध आणायला जातात. मीसुद्धा जाते."

एवढे बोलून तिने कापूस पिंजावयास घेतला.