पुण्याची मॅरेथॉन 1983 ची नव्हे

सावेडीतून बोलतोय. मधेच खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली तर सांभाळून घ्या, आज खिडकी बंद केली की जीव गुदमरतोय.

परवा पहाटे पाइपलाइन रोडला नेहमीची पळणारी पोरं भेटली. बहुतेक पोलीस भरतीवाली, म्हणजे 1600 मीटरचा सराव. त्यातल्या एकानं मात्र पुण्याच्या मॅरेथॉनला नाव घातलंय. मला म्हणाला, "सर, पुण्यात हे मॅरेथॉन कधीपासून?" मी ठोकून दिलं, 1983 पासून. घरी आलो, चहा घेतला आणि उत्तर खटकायला लागलं. 1983 हे पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाल्याचं साल. पुण्याचं या शर्यतीशी नातं त्याच्याही 64 वर्षं आधीचं आहे.

मॅरेथॉन म्हटलं की आपण अथेन्सला जातो. इ.स.पू. 490 ची लढाई, धावत आलेला दूत, विजयाची बातमी देऊन कोसळला वगैरे. गंमत म्हणजे हेरोडोटसनं या दूताला धाडलंय ते स्पार्टाला, मदत मागायला. अथेन्सला येऊन प्राण सोडण्याची गोष्ट कितीतरी शतकांनंतरच्या लेखकांची. पण 1896 साली अथेन्सलाच शर्यत झाली, सुमारे 40 किलोमीटरची, आणि पाणी वाहून पोट भरणारा स्पिरिडॉन लुई जिंकला. शहराला आपली गोष्ट मिळाली. ते असो.

आता पुणे. 1919 साल. डेक्कन जिमखाना तेव्हा जेमतेम 13 वर्षांचा. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना ते हजर होते. पुढं 1929 साली ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो दिवस सांगितलाय. मैदान लहान, खडबडीत गवताळ. 100 यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून लावायची तयारी चाललेली. आणि धावणारे कोण? शेतात राबणारी, भाकरतुकड्यावर वाढलेली पोरं. नियम माहीत नाहीत, प्रशिक्षण नाही. लांब पल्ल्याची शर्यत होती साधारण 25 मैलांची. पायात काही नाही. तरी पहिल्या काही जणांची वेळ बाहेरच्या देशांतल्या वेळांच्या शेजारी ठेवता येईल अशी निघाली!

मला इथं टाटांचं कौतुक वाटतं ते पैशाबद्दल नंतर. आधी याबद्दल की त्यांनी घड्याळ पाहिलं. अनवाणी पोरं पळताना त्या काळी कुणीही पाहिली असती. ती किती वेळात पळाली, हे त्यांच्या मनात राहिलं. मग त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला, आमंत्रण आलं, निवड झाली, खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. सहा खेळाडू. मॅरेथॉनला त्यातले दोघं, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

अँटवर्पचं अंतर तर फारच लांब. आज आपण 42.195 किलोमीटर म्हणतो. ते 1908 च्या लंडन शर्यतीतलं, विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षासमोरपर्यंतचं अंतर. कायमचं ठरलं 1921 मध्ये. अँटवर्पला पळावं लागलं 42.75. नगरवरून पुणे रस्त्याला लागलात तर सुपा कधीच मागं पडतं आणि तुम्ही अजून पळतच असता.

फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला, 2 तास 32 मिनिटांत. चौगुले 19 वे, वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. आता हा 19 वा क्रमांक ऐकून पाइपलाइन रोडवरचा तो पोरगा जरा हिरमुसला. म्हटलं, थांब. अथेन्सच्या त्या लुईला लागले होते 2 तास 58 मिनिटं. म्हणजे चौगुले त्याच्यापेक्षा पावणेतीन किलोमीटर जास्त पळाले, तेही आठ मिनिटं कमी वेळात. मधे 24 वर्षं गेली होती, रस्ते वेगळे होते, हे कबूल. तरी हिशोब हिशोब आहे.

लुईचं नाव अथेन्सच्या स्टेडियमला आहे. आणि आम्ही? शाळेत 1952 चे खाशाबा जाधव शिकलो, तेवढं तरी बरं. चौगुल्यांचं नाव मी चाळिशी ओलांडल्यावर ऐकलं, आणि तेही पुणे बेळगाव दोन्हीकडं नातेवाईक असून.

त्या पोरानं शेवटी एकच विचारलं, "सर, ते परत आल्यावर त्यांना नोकरी लागली का?" बाकीचे पळत पुढं भिस्तबागकडं गेले होते, हा मात्र बुटाची नाडी बांधत उत्तराची वाट बघत बसला. माझ्याकडं उत्तर नव्हतं. बेळगावच्या मावसभावाला फोन लावलाय, काही कळलं तर पुढच्या भागात सांगतो.