रानातला नरक्या

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना अशी दुर्गंधी, की नाव पटावं. पण त्याच्या खोडात नि मुळांत कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असतं. पेशीचं विभाजन होताना डीएनएचा पीळ सोडवणारं विकर ते जागीच अडकवतं आणि कर्कपेशी मरते. १९६६ साली एका चिनी झाडातून हे द्रव्य प्रथम शोधणाऱ्या दोघांपैकी एक होते आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी! आतड्याच्या, अंडाशयाच्या कर्करोगावर त्यापासून औषधं बनली.

असंच निसर्गातून मिळालेलं रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन हे औषध सुचलं कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजावरून. ते प्रयोगशाळेत तयार होतं. स्पंज ओरबाडावा लागत नाही. कॅम्पटोथेसिनसाठी नरक्याची मात्र बेसुमार तोड झाली, ती थांबायलाच हवी. बियांपासून त्याची रोपं करता येतात.