दुप्पट झाले, पण किती वर्षांत?
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे तो जमीनजुमल्यातील गुंतवणुकीचा. बँकेत अठ्ठावीस वर्षे काढल्यामुळे व्याजाचे कोष्टक मला पाठ आहे, एवढीच माझी पात्रता. आपल्या पवनारचे विनोबा 1951 पासून गावोगाव जमीन दान मागत फिरले. त्याच वर्धा जिल्ह्यात प्लॉटच्या नफ्याची गोष्ट काढताना जरा संकोच वाटतो. पण आपल्या भिशीत हल्ली दुसरा विषय निघत नाही, हेही खरे! समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा टप्पाही सुरू झाला. रस्ता आला की भावाच्या गप्पा येतात, आणि त्या गप्पांत एक शब्द हमखास असतो : "दुप्पट".

हा शब्द ऐकला की मी विचारते, किती वर्षांत? 72 ला वर्षांच्या आकड्याने भागावे, म्हणजे दरसालचा टक्का अंदाजे निघतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे सुमारे 7.2 टक्के; पंधरा वर्षे लागली तर पाचही नाही.

आता खर्च धरू. समजा, प्लॉट 6 लाखांना घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी, तारेचे कुंपण मिळून 60 हजार. म्हणजे खरी किंमत 6 लाख 60 हजार. दहा वर्षांनी 12 लाखांना विकला. दलाली दोन टक्के, 24 हजार. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. तो जवळपास 65 हजार, इतर उत्पन्नाप्रमाणे कमीजास्त. हाती आले 11 लाख 11 हजार. दरसाल पडले 5.3 टक्के! दरवर्षी गवत काढायची मजुरी मी धरलेलीच नाही.

घरभाड्याचेही तसेच. 25 लाखांच्या घराला महिना 8 हजार भाडे म्हणजे वर्षाला 96 हजार, पावणेचार टक्क्यांहून थोडे अधिक. दोन महिने घर रिकामे राहिले आणि कर व डागडुजीला 20 हजार गेले, की उरले 60 हजार, म्हणजे 2.4 टक्के. घराची किंमत वाढेल ती वेगळी, पण ती घर विकल्याशिवाय हाती येत नाही.

नफ्याचे हे झाले. जोखीम मात्र कोणी मोजत नाही, आणि बायकांच्या वाट्याला येते ती तीच. मुलीचे लग्न, यजमानांचे ऑपरेशन ठरले, आणि तीन महिन्यांत पैसा उभा करायचा आहे. त्या वेळी प्लॉटला काय येईल? गप्पांतला भाव 12 लाख आणि नडीचा भाव 9 लाख, तर मधले 3 लाख ही तुमची जोखीम. ती टक्क्यांत नाही, रुपयांत लिहून ठेवावी. वरचाच प्लॉट 9 लाखांना गेला तर दहा वर्षांचा टक्का अडीचच्या घरात येतो. सारे स्त्रीधन मोडून एकच प्लॉट घेणाऱ्या बाईने तरी हा आकडा आधी काढावा.

काही जमिनींना नडीचा भावसुद्धा नसतो. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" असेल तर ती सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. भूदानाची जमीनही मनाला येईल तशी विकता येत नाही. ले-आउट अकृषक झाले आहे का, मंजूर नकाशात रस्ता खरोखर आहे का, मोठे ले-आउट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. दलालाच्या मोटारीतून जागा पाहून येणे म्हणजे जागा पाहणे नव्हे. पावसाळ्यात एकदा पायी जावे.

राहते घर बाईच्या नावावर घेतले तर एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुष्कळ घरे त्यामुळे आपल्या नावावर झाली. पण कागद कोठे आहेत, असे विचारले की आपण एकमेकींकडे पाहतो! तेव्हा येत्या शनिवारी चार वाजता ज्यांना जमेल त्यांनी सातबारा, फेरफार आणि खरेदीखत घेऊन मंडळात यावे. चष्मे विसरू नयेत. अक्षर फार बारीक असते.