गडांखालचं भोर

(पुण्यातील एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



इतक्या उकाड्यात तुम्ही एका तालुक्याच्या गावाबद्दल ऐकायला आलात, म्हणजे तुमच्यापैकी निम्मे तरी भोरचे असणार, नाहीतर भोरचे जावई. उरलेल्यांच्या मनातलं भोर मला ठाऊक आहे. सिनेमात दिसणारा राजवाडा, पावसाळ्यातला वरंध घाट आणि रविवारी चढायचे रोहिडा, केंजळगड, रायरेश्वर. गाडी कापूरहोळला हायवे सोडते, गावातून वाट काढते आणि पुढे निघून जाते. गाव मध्ये येतं ते फक्त चहापुरतं.

मला आज गडांवर चढायचं नाही. गडांचे मालक बदलत गेले. आदिलशाही आली, मराठे आले, मोगल आले, पुन्हा मराठे आले. खाली खोऱ्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुळं होती तिथेच राहिली. वर निशाण कुणाचं लागलंय यापेक्षा आपल्या वतनाच्या कागदावर शिक्का कुणाचा, हा त्यांच्या घरातला प्रश्न होता. भोरच्या खोऱ्याचा इतिहास हा या प्रश्नाचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि तो चारशे वर्षं अजून चालूच आहे.

सुरुवात 1659 पासून करू. अफझलखान वाईकडे येतोय. मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्मानं सुटली आहेत की, खानाला सामील व्हा. असंच एक फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना आलं. जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. कान्होजी शहाजीराजांच्या पदरी राहिलेले, बंगळूरकडून इकडे आलेले, वयाने पिकलेले. ते पाच मुलांना बरोबर घेऊन शिवाजी महाराजांना भेटले, फर्मान पुढे ठेवलं. महाराजांनी वतनाचं काय ते विचारलं, तेव्हा त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. ही हकीकत जेध्यांच्याच करीन्यात, म्हणजे घराण्याच्या कैफियतीत आहे. आपण ती निष्ठेची गोष्ट म्हणून शाळेत सांगतो, आणि ती आहेच. पण जरा थांबून बघा. देशमुखाने वतनावर पाणी सोडणं म्हणजे काय? जमीन, हक्क, मान, गावच्या होळीची पहिली पोळी, पुढच्या पिढ्यांचे सोयरसंबंध, सगळंच एका ओंजळीत गेलं. म्हणून तर महाराजांनी आधी त्यांचा कबिला तळेगाव ढमढेऱ्याला सुरक्षित हलवायला सांगितलं.

याच खोऱ्यात, भोरला अगदी लागून, उत्रवळीचे खंडोजी खोपडे होते. हे सुद्धा देशमुखच. जेधे आणि खोपडे यांचा वतनावरून जुना उभा दावा. खोपड्यांनी हिशेब केला आणि ते खानाकडे गेले. आपल्या नाटकांनी त्यांना सरळ खलनायक करून टाकलं. मला ते फार सोपं वाटतं. खान जिंकेल असं मानणारे लोक त्या वर्षी मावळात पुष्कळ होते, आणि फौजांची तुलना केली तर ते मूर्ख नव्हते. खोपड्यांना हवी होती ती देशमुखी, आणि समोर दिसत होती विजापूरची मोहोर.

खान मारला गेला. खोपडे लपत फिरले. शेवटी त्यांनी गुंजण मावळच्या शिळिमकर देशमुखांना गळ घातली, आणि शिळिमकरांनी शब्द टाकायला कुणाला सांगितलं? कान्होजी जेध्यांना! ज्याच्याशी भाऊबंदकी, ज्याने आपली देशमुखी मागितली, त्याच्या जिवासाठी कान्होजी महाराजांकडे गेले. महाराजांनी जेध्यांचा शब्द राखला, खोपड्यांना ठार केलं नाही. मात्र उजवा हात आणि डावा पाय कलम करवला. कान्होजी रुष्ट झाले, तेव्हा उत्तर मिळालं की तुमच्या शब्दासाठी जीव ठेवला आहे. मला या प्रसंगात महाराजांपेक्षाही कान्होजींचं आश्चर्य वाटतं. खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला शत्रू निवडता येतो, शेजारी निवडता येत नाही, हे त्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसरं घराणं बांदलांचं. हिरडस मावळचे देशमुख, आधी महाराजांच्या विरोधात. त्यांचे देशपांडे म्हणजे शिंदचे बाजीप्रभू. 1660 च्या पावसाळ्यात महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंडीत जी माणसं पडली त्यांत बांदलांचा जमाव मोठा होता. त्यानंतर दरबारातला तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून काढून बांदलांना दिला गेला. जेध्यांनी तो दिला. दुसऱ्या कुणाला पहिल्या पानाचा मान जाणं हे मावळात आजही किती झोंबतं, हे ज्यांनी आपल्या गावच्या यात्रेतले मानपान बघितलेत त्यांना सांगायला नको.

आता हे सगळं आपल्याला कळलं कसं? जेध्यांच्या वाड्यातले कागद टिकले म्हणून. त्यांतली शकावली, म्हणजे शके 1540 ते 1619 मधल्या घटनांची तिथीवार टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात त्यांनी ती छापली. तोवर शिवजन्म 1627 चा मानला जात असे. या टिपणात मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. वाद खूप झाले, पण परमानंदाच्या शिवभारताने आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीने तीच तिथी उचलून धरली. पुढे राज्य सरकारनेही तीच मान्य केली. कॅलेंडरात आपल्याला 19 फेब्रुवारीची जी सुट्टी मिळते, तिचा एक मुख्य पुरावा कारीच्या एका वाड्यात रुमालात बांधून पडला होता. तो तिथे पडला होता इतिहासासाठी नव्हे, वतनाच्या तंट्यात कामाला यावा म्हणून!

याच जेध्यांशी नातं सांगणारं घराणं पुढे पुण्यात आलं, शुक्रवार पेठेत स्थिरावलं. केशवराव जेध्यांचा जेधे मॅन्शन म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचं पुण्यातलं घर. स्वारगेटच्या चौकाला त्यांचंच नाव आहे. भोरची एसटी पकडायला आपण ज्या चौकात उभे राहतो, तो चौकसुद्धा एका अर्थी भोरच्याच खोऱ्याचा.

जेधे-बांदलांच्या काळात भोर हे गाव म्हणून फारसं कुठे येत नाही. ते आलं पंतसचिवांबरोबर. शंकराजी नारायण गांडेकर हे राजाराम महाराजांच्या काळातले सचिव आणि कर्ते पुरुष. महाराज जिंजीला, मोगल सह्याद्रीत, आणि या माणसाने मावळच्या देशमुखांना वतनं देत, समजुती काढत, राजगड, तोरणा, रोहिडा परत घेतले. तलवारीइतकंच पत्रांच्या जोरावर झालेलं हे काम आहे. मग 1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहूमहाराज सुटून आले आणि शंकराजींपुढे कान्होजींसारखाच पेच उभा राहिला. ताराबाईंशी शपथ वाहिलेली, समोर संभाजीराजांचा मुलगा. त्यांनी यातलं काहीच निवडलं नाही. आंबवड्याला, नागेश्वराच्या देवळाजवळ, त्यांनी देह ठेवला. कुणी जलसमाधी सांगतं, कुणी हिरकणी. समाधी तिथे आहे. त्याच गावात कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालांची समाधी आहे. आंबवड्याला जाल तेव्हा वेळ काढून जा. तिथल्या ओढ्यावरच्या झुलत्या पुलावर फोटो काढून परत फिरू नका.

शंकराजींचा मुलगा नारो शंकर तेव्हा लहान. शाहूंनी त्याच्याकडेच सचिवपद ठेवलं. पुढची गोष्ट पुणेकरांनी मुद्दाम ऐकावी. या सचिवाला हिंगणगावच्या दमाजी थोराताने पकडून ठेवलं. सोडवलं बाळाजी विश्वनाथांनी. उपकाराची फेड म्हणून सचिवांच्या आईने, येसूबाईंनी, पुरंदर किल्ला आणि पुणे प्रांतातले आपले हक्क बाळाजींना दिले. पेशव्यांचा पुण्याशी संबंध लागला तो असा. शनिवारवाड्यावरच्या पाटीत भोरचं नाव नाही, याचं मला वाईट वाटत नाही, गंमत वाटते.

यापुढची भोरच्या पंतसचिवांची संस्थानी वंशावळ मी वाचून दाखवणार नाही. ती रुक्ष आहे आणि दत्तकांनी भरलेली आहे. 1849 मध्ये सातारचं राज्य खालसा झालं, तेव्हा औंध, फलटण, जत, अक्कलकोट यांच्यासारखंच भोर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आलं. संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. याचा अर्थ लक्षात घ्या. स्वराज्याची पहिली राजधानी, राजगड, 1948 पर्यंत भोर संस्थानात होती. नसरापूरचं बनेश्वर संस्थानात होतं, पालीचा बल्लाळेश्वरही. 8 मार्च 1948 ला विलीनीकरण झालं, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, भोर पुणे जिल्ह्यात आलं, आणि राजधानीचं गाव एका दिवसात तालुक्याचं गाव झालं. वाडा, पेठ, शाळा, कचेरी, सगळा संस्थानी थाट राहिला, राज्य गेलं. भोरच्या माणसाच्या बोलण्यात आजही जी एक किंचित ऐट असते, ती तिथून आली असावी. भोरकरांनी रागावू नये.

पण या संस्थानी काळात एक गोष्ट घडली जी राजेरजवाड्यांपेक्षा खोऱ्याला जास्त बदलून गेली. भाटघर. वेळवंडी नदीवर, भोरपासून अगदी जवळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी दगडी धरण बांधलं, लेक व्हायटिंग. ते पुरेना, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला नवी भिंत उभी राहिली, लॉइड धरण. ती 1928 मध्ये पुरी झाली. आजची साठवण साधारण साडेतेवीस टीएमसी. बुडालं ते वेळवंड खोरं, संस्थानाच्या हद्दीतलं. नीरेचे कालवे गेले त्या हद्दीबाहेर, डावा बारामती-इंदापूरकडे, उजवा फलटण-माळशिरसकडे. बारामतीचा ऊस, माळीनगरला सासवडच्या माळ्यांनी 1930 च्या दशकात उभा केलेला कारखाना, हे सगळं या पाण्यावर. त्याच सुमारास शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, त्याची पुस्तकं झाली. भाटघरची पुस्तकं फारशी झाली नाहीत.

वेळवंडीच्या पात्रात कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. सध्या, म्हणजे मे महिन्यात, पाणी उतरलं की ते वर येतं. सभोवार तडकलेला गाळ, पायऱ्यांवर चिखलाचे थर, दगडी भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेषा. आसपासच्या वाड्यांतली माणसं येतात, झाडलोट करतात, नारळ फोडतात. पुण्याहूनही आता लोक जातात, ड्रोन घेऊन. वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याचा फोटो येतो आणि मथळ्यात पांडव येतात. मला तिथे पांडवांपेक्षा त्या देवळाच्या भोवतालची जमीन बघावीशी वाटते. बांध अजून ओळखू येतात. कुणाचं तरी खाचर होतं ते.

जी खाचरं वर राहिली, तिथे याच दिवसांत राब भाजून झालेले असतात. रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांची छाटलेली कवळं, त्यावर पालापाचोळा आणि शेवटी बारीक मातीचा थर. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं, म्हणजे आग घाईने पळत नाही, धुमसत जाते. तण जळतं, माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसाआधी धूळवाफेवर भात पेरलं जातं, आषाढात लावणी. घाटमाथ्याला हिरडोशीकडे पाऊस धो धो, आणि तोच ढग कापूरहोळला येईपर्यंत निम्माही उरत नाही. म्हणून एकाच तालुक्यात वर भात, नाचणी, वरई, आणि खाली बाजरी-ज्वारी. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वर जायला लोखंडी शिडी आहे. तिथे गहू पिकतो, आणि आजारी माणसाला खाली आणायचं तर याच शिडीने.

एवढ्या शेतीवर घर भागत नाही, त्यामुळे घरटी एक माणूस बाहेर. आधी मुंबईच्या गिरण्या, गोदी, माथाडीचं काम. गिरण्या बंद झाल्यावर शिरवळ, खेड शिवापूरच्या कंपन्या, नाहीतर पुणे. गावात म्हातारी माणसं, सुनांच्या हाती शेती. गणपतीला आणि गावच्या यात्रेला मात्र मुंबईकर येणार, पट्टी देणार, आणि पालखीचा मान कुणाचा यावर रात्री दोनपर्यंत भांडणार. तो जेधे-बांदलांचा वारसा समजा.

शेवटचा मुद्दा पाण्याचाच. भाटघरनंतर नीरेवर देवघरला दुसरं धरण झालं, सुमारे 12 टीएमसीचं. भिंत झाली, पाणी अडलं, पण उजव्या-डाव्या कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली. ज्यांचे कालवे तयार होते त्यांच्याकडे पाणी जात राहिलं. 2019 मध्ये सरकारने ते पाणी फलटण-माळशिरसकडे वळवण्याचा निर्णय घेतला, 2020 मध्ये नव्या सरकारने वाटप पुन्हा बदललं. दोन्ही वेळेला वर्तमानपत्रांत बारामती विरुद्ध फलटण असं भांडण रंगलं. भोरचं नाव बातमीत होतं, ते धरणाचा पत्ता म्हणून. भाटघरच्या जलाशयाला सरकारने शिवकाळातल्या येसाजी कंकांचं नाव दिलं आहे, ते योग्यच केलं. पण त्याच जलाशयाच्या काठच्या शेतकऱ्याला मोटार टाकायची तर परवानगी लागते, कारण समोरचं पाणी कागदावर दुसऱ्याच्या नावे आहे. उन्हाळ्यात वरच्या वाड्यांवर टँकर जातो तो धरणाच्या काठाकाठानेच. हा पेच कान्होजींच्या वेळचाच आहे, फक्त शिक्का आता पाटबंधारे खात्याचा.

अध्यक्षांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिलं आहे. रोहिड्याच्या दरवाजावरचे मराठी आणि फारसी लेख सांगायचे राहिले, वरंध घाटाखालची शिवथरघळ राहिली, आणि भोरच्या पेठेबद्दल तर मी काहीच बोललो नाही. शिवथरघळीबद्दल दोन चिठ्ठ्या आलेल्या दिसतात. त्या आधी घेऊ.