आपल्याच माणसाचा न्याय
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्या शाळेचे दोन माजी विद्यार्थी यंदा वकिलीची सनद घेऊन आले. त्यांच्या सत्काराच्या निमित्ताने मला बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी वकील नाही, मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. कोर्टातील युक्तिवादाविषयी मी काय सांगणार? परंतु या व्यवसायाची एक खोली अशी आहे, की जिथे बाहेरचा माणूस सहसा जात नाही आणि वकीलही खुशीने जात नाहीत. वकिलांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या शिस्त समितीची ती खोली. तिथे मला एकदा जावे लागले. आज तेवढ्याविषयीच बोलतो.

आमच्या शेजारी एक विधवा खाला राहतात. त्यांचा घराच्या वाटपाचा दावा एका वकिलाकडे होता. काही कारणाने त्यांनी वकील बदलायचे ठरविले, तेव्हा पहिल्या वकिलाने कागद अडकवून ठेवले. बाकी फी द्या, मग कागद न्या! त्यात त्यांच्या मरहूम पतीच्या नावाचे मूळ खरेदीखत होते. खाला वर्षभर चकरा मारीत होत्या. शेवटी माझ्याकडे आल्या, कारण मोहल्ल्यात अर्ज लिहिणारा मास्तर मीच. मी तक्रार लिहिली, शपथपत्र करविले आणि पाठवून दिले. खरे सांगायचे तर मला मुळीच आशा नव्हती. वकिलाविरुद्ध वकीलच काय निकाल देणार, असे मी घरी बोलूनही दाखविले होते.

कायद्याने मात्र हे काम वकिलांवरच सोपविले आहे. 1926 च्या बार कौन्सिल कायद्याप्रमाणे चौकशी बार कौन्सिलच्या मंडळाने करावयाची आणि शिक्षा उच्च न्यायालयाने द्यावयाची, अशी रीत होती. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने शिक्षेचा अधिकारही परिषदेकडे दिला. समिती तिघांची असते. दोन जण परिषदेच्या सदस्यांतून निवडलेले, तिसरा परिषदेबाहेरचा पण निदान दहा वर्षे वकिली केलेला. तिघांत जो ज्येष्ठ तो अध्यक्ष. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर तपासणे, कागद हजर करविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार तिला आहेत. ती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा नावच पटावरून काढून टाकू शकते. त्यावर साठ दिवसांत भारतीय वकील परिषदेकडे अपील आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात.

ऐकायला हे सोपे वाटते. पण थोडा विचार करा. परिषदेचे सदस्य पाच वर्षांसाठी वकिलांच्याच मतांवर निवडून येतात. ज्याच्यापुढे मतासाठी हात जोडले, त्यालाच उद्या समोर उभा करून जाब विचारायचा. ज्याच्याबरोबर बाररूममध्ये चहा घेतला, त्याची रोजी हातात धरायची. बाहेर बसून बोटे मोडणे सोपे असते. ते मीही केले आहे.

या अवघडपणाची चव मला नंतर दुसरीकडे मिळाली. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1981 ची नियमावली आहे. तिच्यानुसार शिक्षकाची चौकशी करणारी समितीही तिघांचीच असते. एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक आणि एक खुद्द त्या कर्मचाऱ्याने सुचविलेला. परगावच्या एका शिक्षकाने माझे नाव सुचविले. मला वाटत होते, आपण त्याचे माणूस म्हणून जात आहोत. पहिल्याच दिवशी कागद वाचले आणि कळले की चूक त्याची होती. त्या रात्री झोप आली नाही. सूरह निसात न्यायासाठी स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्धही साक्ष देण्याची आज्ञा आहे, हे मुलांना सांगताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता. त्या अहवालावर सही करताना हात अडखळला. सही केली. तो शिक्षक आजही माझ्याशी बोलत नाही.

म्हणून मुंबईचे एक जुने प्रकरण मला मोठे वाटते. तेथील फौजदारी न्यायालयांच्या आवारात काही वकील अशील दिसताच त्याच्यावर तुटून पडत, आपसांत ओढाताण करीत. महाराष्ट्राच्या परिषदेने त्यांना शिक्षा केली. भारतीय परिषदेच्या समितीने ती रद्द केली. तेव्हा महाराष्ट्राची परिषद स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. आपल्याच सदस्यांना सोडले म्हणून परिषदेने तक्रार करावी, तिला असा हक्क आहे काय, हाच मुळात वादाचा मुद्दा झाला. 1975 मध्ये सात न्यायमूर्तींनी सांगितले की आहे, कारण परिषद केवळ वकिलांची संघटना नसून तिच्यावर जनहिताचीही जबाबदारी आहे.

आणि खालांच्या कागदांचा प्रश्न तर सुटलेलाच होता, आम्हालाच ठाऊक नव्हते. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने 97,100 रुपये फी बाकी आहे म्हणून फायली अडकविल्या होत्या. राज्य परिषदेकडे तक्रार वर्षात निकाली निघाली नाही, म्हणून नियमाप्रमाणे ती भारतीय परिषदेकडे गेली. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फी हवी तर वेगळी दाद मागावी. तोपर्यंत कायदा स्पष्ट नव्हता, म्हणून अठरा महिन्यांच्या मनाईऐवजी त्या वकिलाला फक्त समज देण्यात आली.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या शिस्त न्यायाधिकरणात तिघांपैकी एक सदस्य वकिलीबाहेरचा असतो. आपल्याकडेही तसा एखादा डॉक्टर, एखादा प्राध्यापक असावा. वकिलांवर अविश्वास म्हणून नव्हे. त्या खोलीत खालांसारखी बाई शिरते, तेव्हा काळ्या कोटाशिवाय एक तरी चेहरा तिला दिसावा.

तर, नोटीस निघाली आणि आठवड्याभरात त्या वकिलाने कागद घरपोच केले. खालांनी मला तक्रार मागे घ्यायला सांगितले. मी अर्ज लिहिला. पण तक्रार मागे घेतली किंवा आपसांत मिटले, एवढ्यावरून चौकशी थांबत नाही, असा नियमच आहे. आम्हाला जावेच लागले. समितीच्या अध्यक्षांनी खालांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मराठीतच विचारले, "बाई, कागद मिळाले, मग आता काय हवे?" खाला म्हणाल्या, "काही नको साहेब. पुन्हा कुणाला असे चकरा मारायला लावू नका."

त्या वकिलाला समज देण्यात आली. निकालाचा कागद मी खालांना वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी खरेदीखताच्या पेटीला कुलूप लावता लावता एवढेच विचारले, "त्याची रोजी गेली नाही ना, बेटा?"

मी म्हटले, नाही गेली.